कट्ट्यावरचा वाद: संडास ९३ टक्के की ७१?

मास्तरांनी ठणकावून सांगितलं, "राष्ट्रीय वार्षिक ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षण, २०१८-१९. ग्रामीण भागात ९३.१ टक्के घरांना संडासाची सोय. ज्यांना सोय आहे त्यातले ९६.५ टक्के वापरतात. विषय संपला!"

"कसला संपतोय!" बाळ्या उसळला. "राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६वी फेरी बघा, जुलै ते डिसेंबर २०१८. सरकार तेच, काळ जवळपास तोच. ग्रामीण भाग ७१.३ टक्के. तुमचे बावीस टक्के कुठे गेले मास्तर, शेतात?"

"तुझ्या पाहणीत ग्रामीण घरं ६३,७३६. माझ्यात ६,१३६ गावांतली ९२,०४०. ज्याचा नमुना मोठा त्याचा आकडा खरा."

शैलाताई इतका वेळ गप्प होत्या. पाहण्यांचं काम त्यांनी आतून पाहिलेलं, त्यामुळे त्यांनी थेट हिशोबच मांडला. ९२,०४० भागिले ६,१३६ म्हणजे गावागणिक पंधरा घरं. पण एका गावातली पंधरा घरं म्हणजे पंधरा वेगळी मतं नव्हेत. सरपंच एक, ग्रामसेवक एक, पाण्याची बोंबही एकच. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधलं हे साम्य (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे सगळे अगदी सारखे) समजा ०.२ धरलं, तर एका घराचा एक अधिक बाकीची चौदा गुणिले ०.२, म्हणजे ३.८. त्याने भागलं की ९२ हजारांचा नमुना २४ हजारांच्या तोलाचा उरतो.

"म्हणजे मास्तर हरले?" बाळ्या.

"थांब. २४ हजारांवरही चूक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. तुझ्या पाहणीचीही फार तर टक्काभर. बावीस टक्क्यांचं अंतर नमुन्याने पडत नाही. ते पडतं विचारण्याने."

खरा वाद इथून पुढे पेटला. ७६व्या फेरीच्या अहवालातच इशारा छापलाय: सरकारी योजनेचा लाभ मिळाला का, हा प्रश्न संडासाच्या प्रश्नाआधी विचारला गेला, त्यामुळे उत्तरं झुकलेली असू शकतात. स्वच्छ भारतमध्ये संडासामागे बारा हजार मिळतात हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दारात कागद घेऊन आलेला माणूस आधी 'योजनेचा लाभ मिळाला का' विचारतो आणि मग 'संडास आहे का'. ज्याचा हप्ता अडकलाय तो काय सांगेल?

"बघा! ७१ कमीच आहे," मास्तर खूश.

"कमी असेल. किती कमी, ते त्या कागदांतून काढता येत नाही. त्यासाठी आधीच प्रश्नपत्रिकेच्या दोन प्रती करायच्या असतात. एकीत लाभ आधी, दुसरीत संडास आधी. कुठल्या घरी कुठली प्रत जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, पाहणीदाराच्या मर्जीवर नाही. मग दोन गटांतला फरक म्हणजे क्रमाने घातलेला घोळ. छपाईचा खर्च सोडला तर हे फुकट आहे."

पण ९३चं काय? ताई म्हणाल्या, तिथे काटा उलट्या बाजूला झुकतो. गाव हागणदारीमुक्त जाहीर झालेलं, वेशीवर पाटी लागलेली, पहाटे शिट्ट्या मारत फिरणारी गुडमॉर्निंग पथकं लोकांनी पाहिलेली. अशा गावात पाहुणा येऊन विचारतो, "संडास वापरता का?" टमरेल घेऊन जाणारा नाही कशाला म्हणेल? शिवाय जागतिक बँकेच्या १.५ अब्ज डॉलरच्या कर्जाचे हप्ते याच सर्वेक्षणाच्या निकालाशी बांधलेले. पाहणी स्वतंत्र संस्थेने केली म्हणून उत्तर देणाऱ्याची भीती काही जात नाही.

महाराष्ट्राचा घोळ आणखी वेगळा. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला, पण तो २०१२च्या पायाभूत सर्वेक्षणातल्या यादीप्रमाणे. त्यानंतर वेगळी झालेली घरं आणि यादीतून निसटलेली घरं मोजणीतच नव्हती. यादीपुरतं शंभर टक्के, आणि तरी वस्तीवर संडास नसलेलं घर. दोन्ही एकाच वेळी खरं.

"आणि मुंबईत देवनारला लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी?" अण्णांनी हळूच पिलू सोडलं. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशातली १९ टक्के घरं उघड्यावर जात होती. त्याआधी २०१५-१६ मध्ये ३९ टक्के. घसरण घसघशीत आहे, शून्य मात्र नाही.

ताईंना तीही मोजणी अपुरी वाटते. तिथे प्रश्न घराचा आहे: घरातली माणसं सहसा कुठे जातात? उत्तर एकजण देतो, तेही सगळ्यांच्या वतीने. आजोबांना कोंडल्यासारखं वाटतं, पोरगा शेतावर असतो, शोषखड्डा भरेल या भीतीने पुरुष बाहेरच जातात; हे सगळं 'संडासात' या एका उत्तरात गडप होतं. म्हणून प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचं, आणि प्रश्नात दोन्ही वाटा मोकळ्या ठेवायच्या: "काहीजण बाहेर जातात, काही संडासात. यांचं कसं?" असं विचारलं की उघड्यावर जाणाऱ्यांचा आकडा चढतो. आणि विचारून झालं की बघायचं: भांडं ओलं आहे का, दाराकडची पायवाट मळलेली आहे का, आत बादली आहे की गोवऱ्या रचल्यात.

"पाच माणसांच्या घरात पाच वेळा विचारायचं? दिवसाला किती घरं होणार?" बाळ्या.

"माणशी दोन मिनिटं. वेळ त्यात जात नाही, माणसं घरी सापडण्यात जातो. अकरा वाजता गेलास तर म्हातारी भेटेल, बाकी सगळे रानात. संध्याकाळी सातनंतर दुसरी फेरी हवी."

"सातनंतर वस्तीवरून परतायला एसटी नसते ताई," अण्णा म्हणाले, "आणि मुक्कामाचा भत्ता मंजूर कोण करणार?"

मग पुढचा अर्धा तास भत्त्यावर गेला.