अकादमी हा कंपू आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

जीवशास्त्रज्ञ चंद्रिमा शहांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं: भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणाऱ्यांचा कंपू, तिच्या अध्यक्षपदी बाई आली याचं एवढं कौतुक कशाला, आणि असले मानसन्मान बंद केले तर विज्ञानाचं काहीही अडणार नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, की जिल्ह्याच्या कॉलेजात तास घेऊन उरलेल्या वेळात आयुष्यभर संशोधन करणाऱ्या तुमच्या सहकारी बाईंचं नाव या लोकांपर्यंत कधी पोहोचलं का? हा प्रश्न मला फार लागला, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिते आहे.

आधी कौतुकाबद्दल. अकादमी 1935 सालची. शहा 2020 मध्ये अध्यक्ष झाल्या. पहिली स्त्री अध्यक्ष मिळायला 85 वर्षं गेली, याची नोंद घ्यायची नाही तर कशाची घ्यायची? आणि त्या केवळ बाई म्हणून तिथे बसल्या नाहीत. काळा आजार या जीवघेण्या रोगाचा परजीवी वालुमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्यांच्याच पोटात घर करतो. पेशीने ठरावीक टप्प्यांनी स्वतःचा शेवट करणं ही बहुपेशीय प्राण्यांचीच रीत, असं बराच काळ मानलं जाई. हा एकपेशीय परजीवीसुद्धा ताणाखाली तशाच पद्धतीने मरतो, हे ज्या कामातून पुढे आलं त्यात शहांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. औषध शोधणाऱ्यांसाठी ही साधी गोष्ट नाही.

आता कंपू. 1930 मध्ये अलाहाबादला भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पुढाकाराने एक अकादमी झाली, 1934 मध्ये बंगळूरला सी. व्ही. रामन यांनी दुसरी काढली, पुढच्याच वर्षी कलकत्त्यात तिसरी. तीच आजची दिल्लीची अकादमी. यामागे मोठ्या माणसांचे मतभेद आणि मानापमानही होते, हे मी नाकारत नाही. पण एक गोष्ट बघा. 1933 मध्ये मुंबईच्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. तेव्हाचे संचालक रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष परीक्षेवर ठेवून घेतलं. पुढे 1939 मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आणि त्याच रामन यांच्या अकादमीने 1935 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना फेलो, म्हणजे निवडून घेतलेली सदस्य, केलं! अम्मल तोवर मिशिगनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, उसावरच्या कामामुळे जाणकारांना ठाऊक झालेल्या. बाईला मान द्यायला नकार नव्हता. नाव आधीच माहीत असलेल्या बाईला तो मिळाला, आणि जिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, तिला दारात झगडावं लागलं.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. फेलोशिपला आपण होऊन अर्ज करता येत नाही. कुणीतरी नाव सुचवावं लागतं, कामाची टिपणं जोडावी लागतात, मग त्या त्या शाखेची समिती छाननी करते आणि शेवटी मतदान. तुमचा सगळा राग मतदानावर आहे. पण जे नाव टेबलावर आलंच नाही, त्याच्यावर कोण काय मत देणार? विज्ञानातल्या भटनागर पुरस्काराचंच घ्या. तो 1958 पासून सुरू झाला. 1961 मध्ये असीमा चॅटर्जींना मिळाला, त्यानंतरची बाई थेट 1975 मध्ये, अर्चना शर्मा. मधली चौदा वर्षं या देशातल्या बायका काय प्रयोगशाळा सोडून घरी बसल्या होत्या? अध्यक्षाचं पहिलं काम मला विचाराल तर हेच: यादी समोर आली की कोण आहे यापेक्षा कोण नाही ते विचारायचं, आणि त्यांच्या कामाची टिपणं लिहायला फेलोंना बसवायचं. भाषणं, परदेशी शिष्टमंडळं हे सगळं नंतर.

मानसन्मान बंद करा, हे मात्र मला अजिबात पटत नाही. जयंत नारळीकरांना पद्मभूषण मिळालं 1965 मध्ये, ऐन तरुणपणी. त्या मानाचं वजन त्यांनी पुढे कुठे वापरलं? 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली ती विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी. तिथे यावं, ग्रंथालय वापरावं, काम करावं आणि परत आपल्या वर्गात जाऊन शिकवावं, अशी ती योजना. तुमच्या सहकारी बाईंसारख्या माणसांचा विचार करूनच ती झाली आहे. शब्दाला वजन नसलेल्या माणसाला अशी संस्था सहज काढू दिली असती, असं तुम्हाला वाटतं का? 2025 मध्ये त्यांना मरणोत्तर विज्ञान रत्न हा सरकारी सन्मान जाहीर झाला. आनंद झाला, पण मला 1965 चं पदक जास्त मोलाचं वाटतं, कारण ते हातात असताना पुढे करण्यासारखं बरंच बाकी होतं.

आता तुमच्या सहकारी बाईंबद्दल. तुम्ही त्यांच्यावर चार ओळी लिहिल्यात, त्यातही निम्म्या अकादमीला शिव्या देण्यात गेल्या. त्यांनी नेमका कोणता प्रश्न घेतला, कोणती साधनं नसताना काय केलं, कोणत्या निष्कर्षाला पुढे कुणी आधार म्हणून वापरलं, हे त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम केलेल्या तुमच्याइतकं कोण सांगू शकेल? त्यांची परवानगी घेऊन सविस्तर लिहा. मी ते एक शब्दही न कापता इथे छापेन. आणि तोच मजकूर, शोधनिबंधांच्या यादीसह, तुमच्या विद्यापीठाच्या विभागप्रमुखांनाही पाठवा, म्हणजे नाव सुचवू शकतील अशा माणसांपर्यंत तो जाईल.