चावडीवरचा चार

आज सकाळी गावी गेलो होतो. चावडीला नवा रंग दिलेला दुरूनच दिसला आणि बरेही वाटले. जवळ गेल्यावर मात्र लक्षात आले की दाराच्या उजव्या अंगाची संगमरवरी पाटीसुद्धा रंगाऱ्याने भिंतीबरोबर गुलाबी करून टाकली आहे. या गावातून ३१ इसम १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकी ४ मरण पावले, एवढाच मजकूर त्या पाटीवर होता. मी विचारले तेव्हा रंगकामावर देखरेख करणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "काका, त्या पाटीवर कुणाचं नाव तरी कुठं होतं?"

माझा संताप झाला, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्या चारांपैकी एक आमच्या घरचा असावा. "असावा" म्हणतो, कारण खात्री कोणालाच नव्हती. माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ ११०व्या मराठा पलटणीत शिपाई होते आणि आजच्या इराकातल्या बसऱ्याला गेले, एवढेच घरात ठाऊक होते. त्यांची बायको म्हणजे आमची काकीआजी. आजोबा तिला काकी म्हणत, म्हणून आमची ती काकीआजी. ती १९७४ साली गेली, आणि जाईपर्यंत तिने कुंकू पुसले नाही. गावात तीन घरी मृत्यूची कागदपत्रे आली होती, आमच्या घरी काहीच आले नव्हते, आणि पाटीवर आकडा चार होता. चौथा कोण, हा प्रश्न तिने पन्नासहून अधिक वर्षे स्वतःशी घातला. बाजाराला जाताना ती चावडीशी थांबे आणि त्या खोदलेल्या चारावरून बोट फिरवून पुढे जाई. लहानपणी आम्हांला तो देवाला हात लावण्याचाच प्रकार वाटे.

हे लोक तिकडे कशासाठी गेले होते? इराकावर तेव्हा तुर्कांचे राज्य होते, पण सातारा-रत्नागिरीच्या पोरांचे तुर्कांशी काय वैर होते? जवळच इराणात अबादानला इंग्रजांचा तेलशुद्धीचा कारखाना होता, त्यांचे आरमार कोळशावरून तेलावर येत होते, म्हणून नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याखाली समुद्रकाठच्या फाओला इंग्रजांची फौज उतरली आणि त्याच महिन्यात बसरा पडले. तेल राखायचे तर तेवढे पुरे होते. पण तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या लढाईत नाक कापले गेल्यावर कोठेतरी विजय दाखवायचा होता, आणि बगदादचे नाव मोठे होते. म्हणून नदीत पुरेशा बोटी नसताना, दवाखान्यांची सोय नसताना, सहाव्या पुणे डिव्हिजनला टायग्रिस नदीच्या काठाने वर ढकलले. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३वी, ११०वी आणि ११७वी. इतक्या थोड्या फौजेवर पुढे जाणे धोक्याचे आहे असे तिचा सेनापती जनरल टाउनशेंड याला स्वतःलाच वाटत होते, तरी तो गेला. बगदादच्या तोंडाशी, टेसिफॉनला, नोव्हेंबर १९१५ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली वा जखमी झाली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणले आणि तेथून उघड्या बोटींवर दाटीवाटीने रचून बसऱ्याला पाठवले. त्या बोटींची घाण एका डॉक्टराने वरिष्ठांना कळवली, तेव्हा त्यालाच अटकेची धमकी मिळाली. सिमल्याला बसून खर्च वाचवणाऱ्यांचे हे कर्तृत्व! १९१७ साली चौकशी आयोगाने ते चव्हाट्यावर मांडले, भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामाही दिला. दिला, हे मान्य करतो. काकीआजीला त्याचा काय उपयोग?

मागे हटलेली फौज टायग्रिसकाठच्या कूट गावात तुर्कांच्या वेढ्यात कोंडली गेली, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत. गावात दडवलेले धान्य पुढे सापडले, पण दळायला साधने पुरेशी नव्हती, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. हे मी प्रथम वाचले त्या दिवशी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो, कारण काकीआजी पहाटे जात्यावर बसे तेव्हा खुंटा धरून मध्येच थांबे, आणि का थांबलीस असे विचारले तर "काही नाही, दाणे संपले" म्हणे, सूप भरलेले असताना. शेवटी शिपायाच्या वाट्याला मूठभर पीठ येऊ लागले. घोडे मारून खायला दिले, पण धर्म जाईल आणि गावी गेल्यावर पंगतीत कोणी बसू देणार नाही या भीतीने आपल्या लोकांनी एप्रिलपर्यंत त्या मांसाला हात लावला नाही. त्यावरून टाउनशेंडने पुढे त्यांनाच बोल लावले.

सुटका करायला आलेल्या फौजेचे २३,००० च्या आसपास लोक मेले वा जखमी झाले, आणि तरीही कूट पडले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांना वाळवंटातून चालवत नेले, सीरियात रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले, आणि हजारो वाटेतच संपले. गोऱ्या शिपायांचे मरणाचे प्रमाण तर आपल्याहून जास्त होते, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या आयाही रडल्याच असतील. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर एका चांगल्या घरात राहिला, आणि कैदेत असतानाच त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच्या कुत्र्यालासुद्धा तुर्कांनी इंग्रजांकडे सुखरूप जाऊ दिले. त्या कुत्र्याचे नाव स्पॉट होते, आणि ते पुस्तकांत आहे.

बसऱ्याला स्मारक आहे. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक लोकांचे. भिंतीवर साध्या गोऱ्या शिपायांचीही नावे कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली, आणि आपल्या शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे कोरले. युद्धस्मारकांच्या आयोगाने २०२१ साली या भेदाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना मागितली, ठीक आहे.

कोणी म्हणेल की तो पगारी शिपाई होता, महिना अकरा रुपयांसाठी स्वखुशीने भरती झाला होता. झाला होता. दुष्काळी मुलखात धाकट्या भावाला दुसरी कोणती खुशी असते, ते मला सांगा.

हे लिहिता लिहिता त्या रंगाऱ्यावरचा राग ओसरत चालला आहे. तो रोजंदारीवरचा पोरगा. त्याला भिंत सांगितली, त्याने भिंत रंगवली. दुपारी तोच टर्पेंटाइन आणि चिंधी घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तासभर घासले. ३१ वर आले. चारच्या खाचेत रंग घट्ट बसला आहे, तो निघाला नाही.

पाटी पूर्ववत करायची तर कार्यालयात अर्ज द्यावा लागेल, आणि अर्जात संबंधित मयताचे नाव हवे, असे मला सांगण्यात आले. काकीआजीने नवऱ्याचे नाव जुन्या रीतीप्रमाणे कधी उच्चारले नाही. "हे" म्हणायची, तेवढेच. माझ्या आत्याच्या लग्नात एकदाच बायकांनी धरून बसवून तिच्याकडून उखाण्यात ते घेतले होते असे सांगतात; मी तेव्हा सात वर्षांचा होतो आणि मांडवाबाहेर खेळत होतो. पुढे जमिनीच्या जुन्या फेरफारात ते मला सापडले, मोडी लिपीत, कमी केलेल्या वारसांच्या ओळीत. मघाशी अर्ज लिहिला. नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण लिहिले आणि त्याच्या मागे "मयत" लिहायला गेलो, तेव्हा हात थांबला. तेवढी जागा अजून कोरी आहे, आणि कार्यालय उद्या साडेदहाला उघडते.