‘बी अंधारातच रुजते’: हा सल्ला उंबर-पिंपळाच्या मुळावर येतो

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या टेकड्यांवर झाडे लावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो: ‘कोणतेही बी अंधारातच रुजते, उजेड लागला की मरते. सगळ्या बिया दोन बोटे खोल पुरा. वड-पिंपळ मात्र कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय उगवतच नाहीत.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच हे खोडून काढायला हवे.

‘कोणतेही बी’ इथेच गडबड आहे. आंबा, जांभूळ यांचे बी मोठे, आत शिदोरी भरपूर. ते मातीखाली सहज रुजते आणि उघड्यावर वाळून मरते. पण त्याला मारतो तो कोरडेपणा, उजेड नव्हे. बहाव्याचे दुखणे वेगळेच: कवच इतके टणक की पाणी आत शिरत नाही. ते घासून पातळ करावे लागते.

वड, पिंपळ, उंबराचे बी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे. दोन बोटे माती फोडून वर येण्याचे बळ त्यात नसते, म्हणून ते उजेडाची वाट पाहते. हा उजेड ओळखते फायटोक्रोम हे रंगद्रव्य. १९५२ साली अमेरिकेत बॉर्थविक, हेन्ड्रिक्स आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर दोन प्रकारचा प्रकाश आलटूनपालटून टाकला: तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटरचा, आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, ७३० च्या आसपासचा. शेवटी तांबडा पडला तर बिया रुजल्या, दुसरा पडला तर बहुतेक थांबल्या. प्रयोग भाजीवरचा असला तरी हेच रंगद्रव्य झाडांच्या बियांतही असते. पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, पलीकडचा खाली सोडतात. त्यामुळे टेकडीवरच्या दाट गिरिपुष्पाखाली पडलेल्या अशा बारीक बीला डोक्यावर सावली असल्याचे कळते. ते थांबते. थांबणे म्हणजे मरणे नव्हे.

राहिला कावळा. पक्षी गर काढून टाकतो, बी दूर नेतो, उघड्यावर टाकतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो तो यामुळे: फटीत ओल, वर उजेड. पोटातल्या प्रवासाची मदत होऊ शकते, पण ती अट नाही.

पिकलेले उंबर पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेले बी घ्या, चाळलेल्या ओल्या मातीवर भुरभुरा. वर माती नको. कुंडी काचेने झाकून उजेडात ठेवा, थेट उन्हात नाही, आणि पाणी खालच्या ताटलीतून द्या. टेकडीवर न्यायचे ते रोप, बी नव्हे.