ट्रेनिंगमध्ये खेळ घ्या, पण नंबर काढू नका

मी यवतमाळकडं गटप्रवर्तक आहे, आशा ताईंसोबतच सगळं काम, म्हणून हे लिहितेय. हल्ली ट्रेनिंगमध्ये गेम घेतात, चांगलंच आहे, जेवणानंतर हॉलमध्ये डोळे मिटायला लागतात तेव्हा तेवढीच जाग येते. पण बहुतेक ठिकाणी त्याची शेवटी क्विझ होते, पहिला नंबर, दुसरा नंबर, टाळ्या, आणि जी मागं राहिली ती पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. मग शिकलं कोण? जिला आधीच येत होतं ती!

नवजात बाळाच्या घरभेटीचंच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ६ भेटी, ३ऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत, घरी झालं तर पहिला दिवस धरून ७. त्यात बाळाचे श्वास मोजायचे असतात. मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर परत मोजायचे, परत तसंच आलं तर बाळ लगेच दवाखान्यात. बाळ एका लयीत श्वास घेत नाही म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर चालत नाही. आता ज्या ताईला हे जमत नाही पण हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटते, ती चुकणार कुठं, तर बाळाच्या घरी.

म्हणून आम्ही असं करतो. मोबाईलवर बाळाच्या श्वासाचा व्हिडिओ लावायचा, सगळ्यांनी मोजायचं, चिठ्ठीवर फक्त आकडा लिहायचा, नाव नाही. चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या अन् मग सगळे आकडे फळ्यावर. बाळ एकच अन् कुठं ४८ तर कुठं ९६! बाप्पा, जो गलका होते... त्याच गलक्यात एखादी विचारते, "पोट वर आलं का एक अन् खाली गेलं का दुसरा, असं धराचं का वो ताई?" हा प्रश्न क्विझमध्ये कधीच आला नसता. नियम एकच, सगळ्यांचे आकडे जवळजवळ आले तरच गट जिंकला. मग जिला येतं ती शेजारणीला स्वतःच शिकवते, कारण लपवलं तर सगळाच गट हरते. डॉक्टर साहेबांनीही चिठ्ठी टाकायची, खुर्चीवर बसून पाहायचं नाही.

एमी एडमंडसन म्हणून हार्वर्डच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी दवाखान्यातल्या टीम पाहिल्या तर चांगल्या टीमच्याच चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. म्हणजे तिथं चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथं लोक सांगत होते. पुढं १९९९ मध्ये त्यांनी एका कंपनीतल्या ५१ टीमवर पेपर लिहिला, सायकॉलॉजिकल सेफ्टी, म्हणजे चुकलं तरी न घाबरता बोलता येणं, हा शब्द तिथून सगळीकडं गेला. त्याच वर्षी डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीच्या नवजात बाळांवरचा अभ्यास लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, ते काम गावातल्याच बायांनी शिकून केलं होतं. म्हणजे आपल्या बाया शिकू शकत नाहीत हे कोणी मला सांगूच नये.

काही जण म्हणतात चुकीला असं सांभाळून घेतलं तर काम ढिलं पडते. उलट आहे. क्विझ संपते अन् ज्यांना आलं नाही त्या तशाच घरी जातात, इथं शेवटच्या ताईला जमेपर्यंत खेळ थांबत नाही. फक्त या खेळातला एकही आकडा रजिस्टरमध्ये चढू नये, रिपोर्टमध्ये जाऊ नये. आशांना मोबदला कामावर मिळते, त्यांची भीती खोटी नाही, एकदा जरी तो आकडा वर गेला तर पुढच्या महिन्यात चिठ्ठीवर सगळे खरं लिहायच्या ऐवजी शेजारणीचं पाहून लिहितील.

तालुक्याला ट्रेनिंग ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, बक्षिसाचे डबे आणू नका, तेवढा वेळ एक व्हिडिओ परत लावायला द्या.