परदेशी जाताना शेजाऱ्यांचा डबा अवश्य न्यावा

परदेश प्रवासाची तयारी कशी करावी, याविषयी ठाण्यातील सुजाण नागरिकांना काही उपयुक्त सूचना कराव्यात, असा सात्त्विक विचार गेल्या आठवड्यापासून माझ्या मनात घोळतो आहे.

पासपोर्टची मुदत शक्यतो पाहूच नये. अनेक देशांना ती किमान 6 महिने शिल्लक लागते, हे घोडबंदर रोड पार करून विमानतळावर वेळेत पोहोचण्याचा पराक्रम केल्यानंतर काउंटरवर कळण्यात जी मौज आहे, ती आधीच वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन येण्यात नाही. सिंगापूरला ई-सिगारेट आणि तंबाखूच्या पुड्या बिनधास्त न्याव्यात. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असलेला गुटखा आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतो, त्या अर्थी तिकडचा कायदाही तितकाच प्रेमळ असणार. न्यूझीलंडला उतरताना पिशवीतले फळ जाहीर करू नये, तिथे 400 डॉलरचा दंड जागच्या जागी ठोठावण्याची उत्तम सोय आहे.

आता मुख्य सूचना. निघण्याच्या आदल्या रात्री, आजवर लिफ्टमध्ये ओळखही न दाखवलेले गृहस्थ चिकटपट्टीने चहूबाजूंनी बंद केलेला डबा घेऊन दारात उभे राहिले, तर तो हसतमुखाने बॅगेत ठेवावा. आत काय आहे, हे विचारणे असभ्यपणाचे असते. हा असभ्यपणा मी नुकताच केला. ‘दुबईच्या मुलासाठी थोडा फराळ आहे, तो विमानतळावर घ्यायला येईल,’ असे सांगितलेला डबा मी उघडायला लावला. त्यात खसखशीवर थापलेले अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू आणि तळाशी पाठदुखीवरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या निघाल्या. डॉक्टरांची चिठ्ठी अर्थातच नव्हती. खसखस हे अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत ते नेण्यास बंदी आहे, आणि ट्रॅमाडॉल न्यायचे तर रुग्णाने स्वतः तिथल्या सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते, एवढे मी नम्रपणे सांगितले. ‘अहो, खसखस ती! आम्ही काय चोरटा माल देतोय का?’ असे म्हणून गृहस्थ डबा घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माणुसकीच्या ऱ्हासाबद्दल सुविचार येऊ लागले.

माणुसकीच काढता आहात म्हणून सांगतो. 2019 मध्ये मुंबईच्या एका तरुण दाम्पत्याला दोह्याच्या विमानतळावर पकडले गेले, कारण नात्यातल्याच एका बाईंनी सोबत दिलेल्या पाकिटात 4 किलोहून अधिक चरस होता. त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांचे मूल तुरुंगात जन्मले. 2021 मध्ये ते निर्दोष ठरले. पण गेलेली वर्षे त्यांना कोणी परत दिली? अशा वेळी आपला दूतावास भेटीला येतो, वकिलांची नावे देतो, घरी कळवतो. तो कोणाला सोडवून आणू शकत नाही, आणि तुमच्या ओळखीच्या नगरसेवकाचा फोन तर तिथे कोणी उचलतही नाही.

काउंटरवर विचारतात, ‘बॅग तुम्हीच भरली आहे ना?’ तिथे आम्ही तुमच्या अनारशांसाठी खोटे बोलावे, अशी तुमची अपेक्षा असते. कुरिअरने पाठवायचे म्हटले, तर आतल्या वस्तूंची यादी लिहून खाली स्वतःची सही करावी लागते; ती सही टाळायची असते म्हणूनच तुम्ही रात्री दहाला आमची घंटा वाजवता. स्वतःच्या मुलासाठी स्वतःचे नाव लिहायला तयार नाही आणि त्याच्यासाठी दुसऱ्याच्या मुलांचा बाप पणाला लावायला तयार आहात, याची थोडी तरी लाज बाळगा. काही द्यायचेच असेल तर डबा उघडा आणा, बिल आणि चिठ्ठी सोबत आणा, त्या देशाचे नियम आधी वाचून या. आणि आम्ही नाही म्हटले, तर तो मुकाट्याने परत घेऊन जा.