बारा दिवसांत गाव बदललं म्हणे! युगांडाच्या ‘मिशन ट्रिप’वाल्या मजकुराला उत्तर

ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. थोड्याफार फरकानं तो असा: परदेशातल्या एका मंडळीच्या युवक संघातली १५ मुलंमुली १२ दिवसांसाठी युगांडातल्या एका खेड्यात गेली. त्यांनी गावाला पाणी दिलं, शाळेची खोली बांधली, एका दिवसात ३०० आजारी तपासले, अनाथांना जवळ घेतलं, जुने कपडे वाटले, येशूचं नावही न ऐकलेल्यांना सुवार्ता सांगितली, आणि गाव बदलून परत आली. खाली हात जोडून सूचना: ‘आपल्या युवक संघानंही या सुट्टीत असं करावं. प्रार्थना करून निघा, काही होत नाही.’

गाव कोणतं, पंप कोणता, तो आज चालतो का, यातलं काहीच मजकुरात नाही. मुलांची तळमळ खरी असेल, ती आहेच असं धरून चालू. दावे मात्र एकेक करून तपासायला हवेत.

‘मुलांनी गावाला पाणी दिलं.’

बोअर मुलं घेत नाहीत, ठेकेदाराची गाडी घेते. त्याआधी भूजलतज्ज्ञ जमिनीत वीज सोडून खडकाचा अंदाज घेतो आणि जागा ठरवतो. युगांडाच्या बऱ्याच भागात खाली जुना, कठीण खडक आहे, त्यामुळे ५० ते ८० मीटर खाली जावं लागणं नेहमीचंच, आणि एवढं करून बोअर कोरडं निघू शकतं. खोदाई दिवस-दोन दिवसांची. मग केसिंग, भोवती खडी, हवेच्या दाबानं गाळ उपसणं, काही तास सलग उपसा करून पाणी टिकतं का ते पाहणं, नमुना प्रयोगशाळेत पाठवणं, वरचे काही मीटर सिमेंटनं बंद करणं. शेवटी ओटा आणि सांडपाण्याची नाली. या सगळ्यात सहलीवरच्या मुलांनी हात लावावा असं एकच काम आहे, ओट्याचं काँक्रीट कालवणं. फोटोतही तेच दिसतं.

नेमकी याच कामात घाई होते. ओट्याला किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं. पण टीम निघायच्या आत उद्घाटन हवं असतं, म्हणून तिसऱ्या दिवशीच त्यावर माणसं आणि गुरं उभी राहतात. पुढं तडे जातात, आणि गुरांच्या पायाखालचं पाणी त्या तड्यांतून थेट बोअरच्या तोंडाशी मुरतं.

आता पंप. युगांडातला तो हापसा मराठी माणसानं हजारदा हापसलाय. तिकडं त्याला ‘यू-टू’ म्हणतात आणि तो आपल्या इंडिया मार्क-टूचाच भाऊ. मार्क-टूची मुळं तर जालना आणि सोलापुरात. घरगुती वापराचे ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावाच्या हापसण्यानं मोडत, म्हणून जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. त्याच्या पाठोपाठ सोलापूर पंप आला, आणि त्यावरून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क-टू तयार झाला. मिशनच्या कामाचं उदाहरणच हवं असेल तर हे घ्या. ही माणसं मोडलेले पंप वर्षानुवर्षं उघडून बघत राहिली होती.

तो मोडतो कुठं, तेही बघू. दांडा खालीवर केला की खोलवरच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या हलतो. दट्ट्याची वायसर झिजली की पाणी वर यायला उशीर होतो, मग अजून उशीर, मग नुसती हवा. वायसर स्वस्त असते. पण मूळ मार्क-टूच्या रचनेत ती बदलायला सगळी नळी वर काढावी लागते. पंप ३० मीटरवर बसवला असेल तर ३ मीटरचे १० लोखंडी पाइप आणि तेवढ्याच सळ्या. वजन सव्वाशे किलोच्या घरात, पाइपातलं पाणी वेगळं. त्याला पाइप धरून ठेवणारा शिकंजा (क्लॅम्प), पाने, चार-पाच माणसं आणि हे काम आधी केलेला मिस्त्री लागतो. त्याच पंपाच्या सुधारलेल्या प्रकारात, ‘यू-थ्री’त, नळीला हात न लावता दट्ट्या वर येतो. म्हणून ‘पंप दिला’ असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न ‘कोणता दिला?’

दुसरा प्रश्न पाइपाचा. पाण्याचा सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि लोखंड आतून खायला लागतं. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, धुतलेल्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळा पडतो. बायका चार दिवस बघतात आणि पिवळे २० लिटरचे कॅन घेऊन पुन्हा जुन्या झऱ्याकडे वळतात. पंप अजून चालतोय, अहवालातही ‘चालू’ आहे, पण पाणी कुणी पीत नाही. पुढं पाइपाला भोकं पडतात आणि एखाद्या दिवशी निम्मी नळी तुटून बोअरमध्ये जाते. युगांडाच्या जल मंत्रालयानं २०१६ मध्ये नव्या कामांत आणि दुरुस्तीत असे पाइप वापरणं थांबवायला सांगितलं ते यामुळेच. स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी महाग पडतं, आणि दानाच्या पैशात ‘अजून एक पंप’ बसवायचा मोह झाला की पहिली कात्री पाइपालाच लागते.

आपल्याकडं हापसा बंद पडला की पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाची वाट बघतात. युगांडात किरकोळ दुरुस्ती गावानं करायची असते. त्यासाठी पाणी वापरणाऱ्यांची समिती, घरटी ठरलेली वर्गणी, एक राखणदार आणि उप-तालुक्याच्या पातळीवरचा पंप मिस्त्री अशी रचना आहे. समितीची वही बघा. वर्गणी सहा महिन्यांपासून जमा नसेल, तर नवा पंप हा पुढचा बंद पंप आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत कोणत्याही वेळी साधारण चारातला एक हातपंप बंद असतो.

‘शाळेची खोली आमच्या मुलांनी बांधली.’

विटा रचणं हे हातातलं कसब आहे. ओळंबा न लावता रचलेली भिंत वर गेली की तिरकी होते आणि गवंडी ती नंतर उतरवतो. गावात गवंडी असतात, त्यांना रोजगार हवा असतो, आणि १२ दिवस ते बाजूला बसून पाहुण्यांची हौस बघतात. लिंटेलचं काँक्रीट ओलं ठेवायचे दिवस नेमके टीमच्या परतीच्या दिवशी येतात.

जे करायला हवं ते फोटोत येत नाही. पत्र्याचं छप्पर, आणि वीज जमिनीत उतरवणारी तार नाही. विजा कोसळणाऱ्या या देशात हे साधं नाही. जून २०११ मध्ये किर्यांडोंगो जिल्ह्यातल्या एका शाळेवर वीज पडून १८ मुलं गेली. तांब्याची पट्टी आणि जमिनीत पुरलेला दांडा यासाठी पैसे द्या, भिंत गवंड्याला बांधू द्या. खोलीत शिकवणारा शिक्षक कुठून येणार हे जिल्हा शिक्षण कार्यालयाला आधी विचारा, कारण त्याचा पगार टीम देणार नसते.

‘एका दिवसात ३०० आजारी तपासले.’

नुसता हिशेब करा. दोन डॉक्टर, आठ तास, म्हणजे मिळून ९६० मिनिटं. माणशी तीन मिनिटं आणि थोडे सेकंद. त्यात दुभाषा. ‘छातीत धडधडतं’ हे लुगांडातून इंग्रजीत जाऊन पुन्हा लुगांडात यायलाच दोन मिनिटं जातात.

बाकी काय उरतं? गोळ्या वाटणं. रक्तदाब सापडला की ॲम्लोडिपिनच्या ३० गोळ्या. एकतिसाव्या दिवशी काय? युगांडात खेड्यातला रुग्ण आपली नोंद शाळेच्या साध्या वहीत ठेवतो. आरोग्य केंद्रात गेला की ती वही पुढं करतो, आणि मागच्या वेळी काय दिलं हे पुढचा माणूस त्यात वाचतो. शिबिरवाले त्या वहीत लिहीत नाहीत, त्यांचा स्वतःचा रंगीत कागद असतो. तो त्यांच्यासोबत विमानानं परत जातो.

जंताच्या गोळीचंही असंच. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा देणं सोपं, फोटोही छान येतो. पण युगांडात एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये ‘चाइल्ड डेज प्लस’ मोहिमेत हीच गोळी मुलांना मिळते, वयानुसार आणि नोंदीसह. तुम्ही मे महिन्यात पुन्हा द्याल तर गोळी फुकट जाईल आणि केंद्राचा हिशेब बिघडेल. आधी गावातल्या आरोग्य स्वयंसेवकांना विचारलं तर हे पाच मिनिटांत कळतं.

औषधं बॅगेत भरून नेणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या नियमांनुसार तिथं पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत उरलेली हवी आणि औषध त्या देशाच्या यादीतलं हवं. डॉक्टरांचे नमुने आणि रुग्णांनी परत केलेली औषधं चालत नाहीत. आयातीला युगांडाच्या राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि परदेशी डॉक्टरला तिथल्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलानं तिथं इंजेक्शन देणं हे इथं जितकं बेकायदा, तितकंच तिथंही.

‘अनाथांना प्रेम दिलं.’

अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, नाहीतर आजी तरी असते. मुलं तिथं पोचतात त्यात पैशाचा भाग मोठा. प्राथमिक शिक्षण १९९७ पासून विनाशुल्क आहे, पण गणवेश, वह्या आणि दुपारचं जेवण यांना पैसे लागतातच. संस्था ते देते म्हणून मूल संस्थेत. पाहुणे जितके जास्त, तितकी मुलं जास्त लागतात. या उलट्या चक्रामुळेच ऑस्ट्रेलियानं २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली. त्यात दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, कडेवर घेतो आणि निघून जातो. मुलाच्या बाजूनं हे दर पंधरा दिवसांनी कुणीतरी सोडून जाणं आहे. आजीच्या घरी गणवेश आणि जेवणाचे पैसे पोचवले तर तेवढ्याच रकमेत मूल घरी राहतं.

‘येशूचं नावही न ऐकलेल्यांना सुवार्ता.’

हे वाचून युगांडातला कुठलाही पाळक हसेल. देशातले पाचात चार लोक ख्रिस्ती आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे लोक १८७७ मध्ये पोचले, कॅथलिक व्हाइट फादर्स १८७९ मध्ये. १८८६ साली ३ जूनला नामुगोंगोत ख्रिस्ती तरुणांना जिवंत जाळलं. आज तो दिवस राष्ट्रीय सुट्टीचा आहे आणि भाविक कित्येक दिवस पायी चालत तिथं पोचतात. अँग्लिकन आर्चबिशप जनानी लुवुम यांना हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीत १९७७ मध्ये मारलं. अशा मंडळीपुढं आपल्या विशीतल्या पोरानं दुभाषा घेऊन साक्ष द्यायची म्हणजे आळंदीत जाऊन हरिपाठ शिकवण्यासारखं. (दुसऱ्या बाजूच्या ग्रुपांवर याच सहलींना ‘धर्मांतराचे कारखाने’ म्हणणारा मजकूर फिरतो. त्यालाही हेच उत्तर पुरतं.)

‘बरोबर जुने कपडे नेले, सगळे खूश.’

जुन्या परदेशी कपड्यांचा तिथं मोठा बाजारच आहे. युगांडात त्याला ‘मिवुंबा’ म्हणतात. फुकट गाठोडं आलं की त्या आठवड्यात विकणारी बाई बसून राहते.

‘खर्चाचं काय, मुलं आयुष्यभरासाठी बदलली ना!’

हा दावा तपासून झालाय. होन्डुरासमध्ये १९९८च्या मिच वादळानंतर परदेशी टीम घरं बांधायला गेल्या. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी त्यांचा अभ्यास केला. विमानभाडं धरून टीमचं एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडलं. स्थानिक संस्था तेच सुमारे २ हजारांत बांधत होती. परतल्यावर आपलं दान वाढल्याचं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण जमाखर्चात ती वाढ जवळपास दिसलीच नाही.

आपला हिशेब मांडा. समजा १५ जण, माणशी दीड लाख. साडेबावीस लाख झाले. आणखी एक गोष्ट, जी मजकूर लिहिणाऱ्यांना बहुधा माहीतच नसते: मंडळीचा विश्वस्त निधी भारताबाहेर खर्च केला तर आयकरातली सूट अडचणीत येते. सनदी लेखापालाला आधी विचारा.

जायचंच असेल तर तिथल्या मंडळीनं बोलावल्यावर, चार-सहा जणांनी, बघायला आणि शिकायला जा. पंप मिस्त्रीसोबत दोन दिवस फिरा, समितीच्या बैठकीत मागे बसा. मुलं तुम्हाला ‘मुहिंदी’ (भारतीय) म्हणून हाक मारतील; १९७२ मध्ये अमीननं भारतीयांना ९० दिवसांत हाकललं होतं, हा इतिहास ठाऊक असू द्या.

‘प्रार्थना करून निघा, काही होत नाही.’

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड लागतंच. ते टोचल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. परतताना कार्ड नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरिया तिथं बहुतांश फाल्सिपेरमचा, म्हणजे घातक जातीचा. डॉक्टरनं डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं तर रोज १०० मिलिग्रॅम, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत, आणि गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हात कातडी भाजते, म्हणून बाह्या लांब हव्यात. ही गोळी परतल्यावरही ४ आठवडे चालू ठेवायची असते, आणि बहुतेक मुलं ती घरी पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सोडतात. मग तीन आठवड्यांनी ताप येतो, आणि गल्लीतल्या डॉक्टरला ‘मी युगांडाहून आलोय’ हे सांगायचं राहून जातं.