भट्टी मध्येच बंद पडली म्हणून माल बादलीत बुडवू नका

पॉटरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. बिस्क, म्हणजे कच्च्या भांड्यांची पहिली भाजणी, चालू असताना वीज गेली तर काय करायचं? १) भट्टी लगेच उघडा. २) माल पाण्यात भिजवून माती परत मिळवा. ३) पुन्हा भाजू नका, फुटतोच. ४) घाई असेल तर तसंच ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून भाजा.

माझ्या भाचीने हे वाचून भट्टीभर कप बादलीत टाकले आणि मग फोन केला, "मावशी, विरघळतच नाहीयेत गं!" कसे विरघळतील? वीज गेली तेव्हा भट्टीच्या कंट्रोलरवर ७०० अंशांच्या वरचा आकडा होता.

केओलिनाइट, म्हणजे चिकणमातीतलं मुख्य खनिज, त्याच्या रचनेतच पाणी बांधलेलं असतं. सूत्र मांडून वजनाचा हिशेब करा, १३.९६ टक्के येतं. हे पाणी उन्हाने जात नाही. ते साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान सुटतं, आणि सुटलं की बादलीत ठेवून त्याची माती होत नाही. कुटून कालवलीत तरी चाकावर चढणारी माती नाही, कचकच हाती येईल, वर कुटताना सिलिकाची धूळ छातीत. भट्टी ३०० वर थांबली असेल तर मात्र माल भिजतो, एवढं त्या फॉरवर्डवाल्याचं खरं. पण त्याने तापमानाचा उल्लेखच केलेला नाही!

शंका असेल तर एखादी फुटकी कपची पेल्यात टाका. कच्ची असेल तर कडा पापुद्र्यांनी सुटत जातात आणि तळाशी गाळ बसतो. भाजलेली असेल तर नुसते बुडबुडे येतात, कड तशीच धारदार. वरच्या आणि खालच्या, दोन्ही फळ्यांवरची बघा. भट्टी सगळीकडे सारखी तापत नाही. आणि भिजवलेला माल परत भट्टीत टाकण्याआधी पुरता वाळवा, नाहीतर छिद्रांतल्या पाण्याची वाफ होऊन खरंच फुटेल.

भट्टी लगेच उघडणं? ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचं (वाळूतलं खनिज) आकारमान बदलतं. गार वारा लागला की कड आधी आक्रसते, बूड गरमच राहतं, आणि तडा जातो. शंभरच्या आत आल्यावरच उघडा.

"पुन्हा भाजू नका" म्हणणाराच पुढच्या ओळीत ग्लेझ लावून भाजायला सांगतो. ती दुसरी भाजणी नाही तर काय आहे? शिवाय अर्धकच्चं भांडं ग्लेझ नको तितकं पितं, हाताळताना कान तुटतो, आणि मातीतला न जळलेला कोळसा पुढे ग्लेझमध्ये टाचणीएवढी भोकं पाडतो.

तेव्हा सरळ पहिल्यापासून भाजा. पावसाळ्यात आधी शंभरच्या खाली काही तास धरा. ७०० ते ९०० मध्ये सावकाश, व्हेंट (भट्टीचं हवेचं भोक) उघडा ठेवून. आणि कोन (भट्टीत ठेवायचे, ताप खाऊन वाकणारे छोटे सुळके) नवे लावा. अर्धवट तापलेल्या जुन्या कोनावर विसंबू नका, तो नुसतं तापमान नाही, किती वेळ ताप खाल्ला तेही मोजतो.